विरारहून दोन्ही दिशांना

‘प्रत्येकाने वाचलीच पाहिजेत अशी शंभर पुस्तकं’ छापाच्या यादीत पहिली दहा नावं कोणती असणार, हे यादी न उघडताच सांगता येतं. ‘श्यामची आई’, ‘ययाति’, ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’, पुलंचं एखादं. पुस्तकांविषयी तक्रार नाही. मराठी माणसाला वाचनाची गोडी याच पुस्तकांनी लावली. पण ज्याने ती वाचली आहेत त्याला त्या यादीचा उपयोग नाही, आणि ज्याने वाचली नाहीत त्याला ती बक्षीस समारंभात नाहीतर वाढदिवसाला कधी ना कधी मिळणारच आहेत. त्यामुळे या संग्रहाचे संपादक टिपणांचं बाड घेऊन प्रस्तावना मागायला आले, तेव्हा मी आधी अनुक्रमणिका उघडली. कथा, कादंबरी, चरित्र, विज्ञान, इतिहास असे विभाग तिथे नव्हतेच. विरार, नालासोपारा, वसई रोड, नायगाव, भाईंदर अशी स्टेशनं होती. एका बाजूला थेट चर्चगेटपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला वैतरणा, सफाळे, पालघर, बोईसर करत डहाणू रोडपर्यंत. ती पाहिली आणि लिहायला हो म्हटलं.

संपादक म्हणजे वर्षानुवर्षं एकाच वेळच्या गाडीने जाणारी माणसं. बँकेत, पोस्टात, शाळेत, खाजगी कंपन्यांत नोकऱ्या करणारी; काही निवृत्त, काही नुकती लागलेली. त्यांनी टिपण लिहिणाऱ्यांना दोनच अटी घातल्या. पुस्तक त्या स्टेशनाशी, तिथल्या माणसांशी किंवा तिथे मिळण्याशी कुठून तरी जोडलेलं हवं. आणि ते आपण एरवी ज्या प्रकारचं वाचतो त्या प्रकारातलं नको. या दुसऱ्या अटीवर बरीच भांडणं झाली असं ऐकते. पण ती अट काढली असती तर या टिपणांत आणि पहिल्या परिच्छेदातल्या यादीत फारसा फरक उरला नसता.

नवं पुस्तक सापडणं अवघड झालंय ते पुस्तकं कमी म्हणून नव्हे. छापली जातात त्यातली निम्मी नावंसुद्धा आपल्या कानावर येत नाहीत. अडचण आपल्या आवडीची आहे. एकदा ऐतिहासिक कादंबरी आवडली की दुकानदार, नातेवाईक आणि हल्ली मोबाइल, सगळे मिळून आपल्यासमोर ऐतिहासिक कादंबऱ्याच ठेवतात. पन्नाशीला आलेला वाचक पंचविशीतल्याच कप्प्यात बसलेला असतो आणि ‘आता पूर्वीसारखं लिहीत नाहीत हो’ म्हणतो. लिहितात, पण शेजारच्या कप्प्यात. या संग्रहाने कप्पे पुसून टाकले नाहीत, फक्त गाव हा आडवा धागा त्यांतून ओवला. गावाला साहित्यप्रकार नसतो. एकाच गल्लीत गुप्तहेरकथा लिहिणारा राहतो आणि धर्मग्रंथाचं भाषांतर करणाराही.

विरारच्या बाबतीत हे जवळजवळ शब्दशः खरं आहे. स्टेशनच्या पश्चिमेला समुद्राकडे निघालात की एका अंगाला नंदाखाल लागतं आणि रस्त्याच्या टोकाला अर्नाळा. नंदाखाल हे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं गाव. ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षं संपादक, हरित वसईच्या लढ्यात रस्त्यावर उतरलेले धर्मगुरू, आणि २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवादासाठीचा पुरस्कार मिळाला. आता दुसरं टोक. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे नाव कुणाला ओळखीचं वाटणार नाही, पण बाबूराव अर्नाळकर म्हटलं की साठीच्या पुढचा माणूस खुर्चीत सावरून बसतो. झुंजार आणि काळापहाड यांचे जनक, हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणारे लेखक. आमच्या अर्नाळ्याचं नाव त्यांनी टोपणनावात मिरवलं आणि ते गिरगावच्या चाळींपासून विदर्भातल्या तालुक्यांपर्यंत पोचवलं.

या दोघांना एकाच वाचकाने वाचल्याचं मी क्वचितच पाहिलंय. दिब्रिटोंचा वाचक अर्नाळकरांना ‘टाइमपास’ म्हणून बाजूला सारतो, अर्नाळकरांचा वाचक बायबलच्या वाटेला जात नाही. संग्रहात विरारच्या पानांवर ही दोन टिपणं समोरासमोर छापली आहेत. बायबलवरचं टिपण लिहिणारा रहस्यकथांचा शौकीन आहे. त्याला ‘सुबोध बायबल’ कशासाठी वाचावंसं वाटलं, तर भाषेसाठी. ओळखीच्या मराठीत ते प्रसंग वाचताना आपण चर्चच्या पायरीवर नाही, ओटीवर बसून ऐकतोय असं त्याला वाटलं. अर्नाळकरांवरचं टिपण मात्र जरा हात राखून लिहिलंय. ‘वाङ्मयीन मूल्य कमी, पण वाचनाची सवय लावली’ हे तेच जुनं प्रमाणपत्र. मला ते पटत नाही. महिनोन्महिने, वर्षानुवर्षं, ठरलेल्या पानांत, वाचकाला पान उलटायलाच लावणारं गद्य लिहिणं हे कसब आहे. आपल्या समीक्षेने ते मोजायची फूटपट्टीच कधी बनवली नाही, त्यात अर्नाळकरांचा काय दोष?

विरारचे पुष्कळसे मराठी वाचक मुळात गिरगाव-लालबाग-परळचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, तो रीतसर संपलाच नाही, आणि चाळींतली घरं एकेक करून या बाजूला सरकली. मुलं मोठी झाली तशा खोल्या विकून दोन खोल्यांचे ब्लॉक घेतले गेले. सामान आलं, देव आले, गणपतीची आरास आली. चाळीतलं वाचनालय आलं नाही. चार आणे भाड्याने पुस्तक देणारा कोपऱ्यावरचा दुकानदारही आला नाही. ‘हे वाचलंस का?’ असं जिन्यात विचारणारा शेजारी वेगळ्याच उपनगरात गेला. पुस्तक सापडण्याची वाट म्हणजे बहुतेकदा असा एखादा माणूस असतो, आणि तोच विखुरला. त्याची थोडीफार भरपाई झाली ती गाडीच्या डब्यात, जिथे तासदीड तास त्याच चेहऱ्यांसमोर काढायचा असतो. महिलांच्या डब्यात एकीकडे मेथी निवडणं चालू असतं आणि दुसरीकडे एखादीच्या पिशवीतून डोकावणाऱ्या पुस्तकाची चौकशी. या संग्रहातली निम्म्याहून जास्त टिपणं बायकांची आहेत, त्याचं मूळ तिथे असावं.

विरार आणि मुंबई यांच्यात पहिली लोकल धावली ती १२ एप्रिल १८६७ ला. दिवसाला एक गाडी. तेव्हा नालासोपाऱ्याच्या स्टेशनाचं नाव नीला होतं. तिथून जवळच सोपारा, प्राचीन शूर्पारक. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी तिथल्या ‘बुरूड राजाच्या कोटा’त उत्खनन केलं आणि बौद्ध स्तूप उजेडात आणला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा त्याच सुमारास मिळाला. तो आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. रोज चर्चगेटला जाणाऱ्या सोपाऱ्याच्या माणसाला आपल्या गावचा दगड ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे हे माहीत नसतं. या स्टेशनाखालचं टिपण एका तरुण अकाउंटंटने लिहिलंय. तो आधी फक्त शेअर बाजारावरची पुस्तकं वाचायचा. व्यापारी बंदर म्हणून सोपारा त्याला रंजक वाटलं, तिथून तो बौद्ध वाङ्मयाकडे गेला. अशा वळणाचा अंदाज कुठल्याही दुकानदाराला आला नसता.

वसई रोडवर मी जास्त थांबले, कारण इथे वीणा गवाणकर आहेत. वसईत स्थायिक झालेल्या, ग्रंथपालनाचं शिक्षण घेतलेल्या या लेखिकेचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली राजहंस प्रकाशनाने काढलं. त्यानंतर त्याच्या आवृत्त्या निघतच राहिल्या. पुस्तकाचा विषय एका ओळीत सांगून पाहा: अमेरिकेत गुलामीत जन्मलेला एक कृष्णवर्णीय मुलगा पुढे टस्कीगीच्या संस्थेत शेतीशास्त्रज्ञ होतो आणि कापसाने कस गेलेल्या जमिनीत भुईमूग, रताळी लावायला शेतकऱ्यांना शिकवतो. हे ऐकून एखाद्या प्रकाशकाने ‘कोण घेणार?’ असं विचारलं असतं तर त्याला दोष देता आला नसता. तरीही ते महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत गेलं. शिक्षकांनी वर्गात वाचून दाखवलं, शेतकऱ्यांच्या मुलांनी बापाला सांगितलं. हे पुस्तक कुणी जाहिरात वाचून शोधून काढलं नाही. कुणीतरी ते कुणाच्या तरी हातात दिलं.

ग्रंथपालाची नजर म्हणजे काय, ते गवाणकरांची पुढची पुस्तकं पाहिली की लक्षात येतं. पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली, वेल्लोरला वैद्यकीय संस्था उभारणाऱ्या आयडा स्कडर, मेक्सिकोत शेतीचे प्रयोग करणारे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे, भौतिकशास्त्रज्ञ लीझ माइट्नर. एका लेखिकेच्या फळीवर निरनिराळ्या वाटांना फुटणारी ही माणसं आहेत. सालीम अलींवरून वाचक मारुती चितमपल्लींच्या जंगलात शिरतो, खानखोज्यांवरून गदर चळवळीच्या इतिहासात, माइट्नरवरून अणुविज्ञानात. या स्टेशनाखालच्या टिपणांत अशा वाटा बाणांनी दाखवल्या आहेत. पहिल्या वाचनात मला ते बाण शाळकरी वाटले, दुसऱ्या वाचनात त्यातलाच एक धरून मी दुकानात गेले.

जुनं, पाठ झालेलं पुस्तकसुद्धा नव्या कप्प्याचं दार होऊ शकतं. संपादकांनी ‘मृत्युंजय’ला संग्रहात जागा नाकारली, पण एका टिपणाने मागच्या दाराने ते आणलंच. कर्णावर जीव असलेल्या वाचकाने पुढे इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ उघडावं. मानववंशशास्त्रज्ञ बाई महाभारतातल्या माणसांकडे कसलाही गहिवर न आणता पाहतात. काही वाचक रागावतात, आणि रागावून पुढे वाचतात. मग दुर्गा भागवतांचं ‘व्यासपर्व’, मग भैरप्पांचं ‘पर्व’, जे कन्नडमधून उमा कुलकर्णींनी मराठीत आणलं. कादंबरी, समाजशास्त्र, ललित चिंतन, अनुवाद असे चार कप्पे ओलांडले तरी वाचक कुरुक्षेत्रातच आहे.

सिनेमा हीदेखील अशीच एक वाट, आणि तिला नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. २०१८ मध्ये ‘तुंबाड’ आला तेव्हा कॉलेजातली मुलं नारायण धारपांची पुस्तकं विचारू लागली. मराठी भयकथेचा हा मोठा लेखक दहा वर्षांपूर्वी वारला होता. सिनेमाचं नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलेलं, आणि ती तर कोकणातल्या एका घराण्याच्या पिढ्यांची दोन खंडांची कादंबरी; तिथे भुतं शोधायला गेलेल्याला जमीन, वारसा आणि माणसांचा हट्ट सापडतो. बोरिवलीच्या पानांवर एका मुलाने लिहिलंय की तो भुतांसाठी गेला आणि खोतांसाठी थांबला. (बोरिवलीची पानं संग्रहात आहेत याचंच मला नवल वाटलं, विरार गाडीत बोरिवलीवाल्यांचं कसं स्वागत होतं ते सर्वांना ठाऊक आहे.)

लेखकाचं नाव बघून पुस्तक उचलायची सवयही आड येते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की हे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून आलेले. परीक्षकांनी नावाकडे नव्हे, कथेकडे पाहावं म्हणून केलेला हा खटाटोप होता. संग्रहातल्या काही टिपणांत लेखकाचं नाव मुद्दाम शेवटी दिलंय, ते यावरूनच सुचलं असं संपादक म्हणतात. वाचताना थोडा त्रास होतो. पण चांगला त्रास.

दादरची पानं सर्वांत जास्त भरली आहेत, ते साहजिकच. विरारकराला मराठी पुस्तक विकत घ्यायचं तर तो अजूनही दादरला उतरतो. छबिलदासच्या गल्लीतलं आयडियल, शिवाजी मंदिरातलं मॅजेस्टिक. पण मला या पानांतलं सर्वांत मोलाचं वाटलं ते ६ डिसेंबरबद्दलचं टिपण. महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात आणि शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. रांगच्या रांग. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’, संविधान, अण्णा भाऊंची ‘फकिरा’, यांच्याबरोबर नागपूर, औरंगाबाद, नांदेडच्या लहान प्रकाशकांनी काढलेल्या पुस्तिका, कवितासंग्रह, आत्मकथनं, कायद्यावरची छोटी पुस्तकं. यातली कितीतरी एरवी मुंबईच्या एकाही दुकानात दिसत नाहीत. रात्रभर प्रवास करून आलेला माणूस वडापावचे पैसे वाचवून पिशवीभर पुस्तकं घेतो आणि परत त्याच गर्दीत गावाकडे निघतो. ‘मराठी माणूस पुस्तकं विकत घेत नाही’ असं परिसंवादात सांगणाऱ्यांनी त्या दिवशी दादरला फिरून यावं. टिपण लिहिणारी बाई दरवर्षी त्या दिवशी गर्दी टाळण्यासाठी रजा घ्यायची. एकदा मैत्रिणीबरोबर गेली. तिने आणलेल्या पुस्तकांची नावं टिपणाखाली आहेत, त्यातली बहुतेक मी आजवर ऐकली नव्हती.

याच पानांवर ‘ग्रंथाली’चाही उल्लेख आहे, तो थोडा घाईत झालाय. सत्तरच्या दशकात दिनकर गांगल आणि मंडळींनी वाचक चळवळ म्हणून ती सुरू केली आणि १९७८ मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’, १९८० मध्ये लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ वाचकांसमोर ठेवलं. पांढरपेशा घरांतल्या फळ्यांवर अशी आत्मकथनं जाऊन बसली त्यात या प्रयत्नाचा वाटा मोठा होता. त्यावर आणखी दोन पानं हवी होती.

चर्नी रोडचं टिपण लहान आहे पण उपयोगी. शासकीय मुद्रणालयाला लागून शासनाचं ग्रंथागार आहे. तिथली रचना सरकारी, पावती सरकारी, आणि किमतीही सरकारी, म्हणजे आजच्या बाजारात थट्टा वाटावी इतक्या कमी. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड तिथे विचारावेत, गॅझेटिअर चाळावीत. चर्चगेटला उतरून फाउंटनच्या फूटपाथवरची जुनी पुस्तकं चाळणं हा तर अनेकांचा शनिवारचा कुळाचार.

आता दुसरी दिशा. विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत लोकल २०१३ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०१४ ला, पालघर जिल्हा वेगळा झाला. कागदोपत्री आम्ही या जिल्ह्याचे. मन मात्र सगळ्यांचं दक्षिणेकडे. संग्रहातही उत्तरेची पानं कमी आहेत, पण त्यांत एक टिपण असं आहे की त्यासाठी सगळा संग्रह विकत घ्यावा. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वर. १९७० चं पुस्तक, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार. तलासरी, डहाणू, उंबरगाव भागातल्या वारल्यांनी १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, त्यात स्वतः उभ्या राहिलेल्या बाईने लिहिलेलं. टिपण लिहिणारे गृहस्थ प्रवासवर्णनांचे वाचक. युरोप, केदारनाथ, अंटार्क्टिका सगळं वाचून झालेलं. आपल्याच जिल्ह्यात, गाडीने दोन तासांवर, जमीनदाराच्या शेतावर माणसं गुरांसारखी राबवली जात होती आणि हे आपल्या आजोबांच्या काळात घडलं, याचा त्यांना बसलेला धक्का टिपणात लपलेला नाही. त्यांनी पुढे मिलिंद बोकिलांचं ‘कातकरी: विकास की विस्थापन?’ वाचलं. ‘शाळा’चे बोकील एवढीच त्यांची ओळख होती. अभ्यासाचं पुस्तक आहे, संथ वाचावं लागतं, असं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय.

कुठलं पुस्तक कुठे मिळेल हे प्रत्येक टिपणाखाली आहे. काही छापील प्रतीत मिळत नाहीत, तिथे वाचनालयाकडे बोट दाखवलंय. उभ्याने जाणाऱ्यांसाठी ऐकायची पुस्तकंही नोंदली आहेत, हे बरं केलं. २०१७ पासून स्टोरीटेलसारख्या सेवांनी मराठी पुस्तकं कानात आणली आणि दरवाजात लटकणाऱ्याला पुस्तक धरायला हात नसतो. ज्यांच्या आसपास काहीच नाही त्यांनी नाशिकच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’सारखी पुस्तकांची पेटी आपल्या सोसायटीत फिरवून पाहावी. दहा घरं जमली तरी पुरे. त्यात एक अट घाला: आपल्या आवडीचं एक आणि शेजाऱ्याच्या आवडीचं एक.

उणिवाही सांगते. कविता जवळजवळ नाही. मुलांच्या पुस्तकांत ‘फास्टर फेणे’ आणि माधुरी पुरंदरे यांच्यापलीकडे कुणी गेलेलं नाही. आमच्या डब्यात हिंदी, गुजराती, मल्याळी, कोंकणी बोलणाऱ्या बायका आहेत. त्या काय वाचतात हे विचारायचं राहून गेलंय. नायगाव आणि भाईंदर या दोन स्टेशनांखाली तर एकेकच टिपण. खाडीच्या दोन्ही अंगांना पिढ्यान्‌पिढ्या मिठागरं पिकवणारी माणसं असताना त्यांच्यावरचं, किंवा त्यांच्यातल्या कुणी लिहिलेलं, एकही पुस्तक टिपणकारांना सुचलं नाही. वाचकांपैकी कुणाला माहीत असेल तर संपादकांना कळवावं. दुसऱ्या आवृत्तीसाठी त्यांनी तिथे चार पानं कोरी ठेवली आहेत.